शाळेच्या कपाटातली पुस्तके कोणाची?

मित्रहो, गड-किल्ल्यांची मालिका आज एक दिवस बाजूला ठेवते. आजचा धागा शाळेतील पुस्तकांच्या कपाटाविषयी आहे आणि तो लांब आहे, तेव्हा सवडीने वाचा.

शालेय ग्रंथालयात सर्व समाजांतील, सर्व भाषांतील आणि सर्व प्रकारच्या मुलांना सामावून घेणारी पुस्तके असावीत, असे कोणी म्हटले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे. दुसरा असा की, मुलांच्या निरागस जगात जात आणि धर्म कशाला आणता? दुसऱ्या आक्षेपाकडे पुढे वळेन. पहिला आक्षेप मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्षणभरही टिकणारा वाटत नाही. पुस्तक कोणाच्या हाती पडावे आणि त्या पुस्तकात कोण दिसावे, हा वाद महाराष्ट्रात किमान एकशे सत्तर वर्षे चालू आहे. त्यातील अगदी जुन्या छापील आवाजांपैकी एक आवाज शाळकरी मुलीचा आहे.

१८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लेखिका मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. या निबंधातील पेशवाईच्या काळातील अत्याचारांची वर्णने आज वारंवार सांगितली जातात. मला त्यातील दुसरे एक सूत्र अधिक धारदार वाटते. तिच्या म्हणण्याचा आशय असा की, वेद आमचेच, ते इतरांनी पाहू नयेत असे ब्राह्मण म्हणत असतील, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे उघड झाले. ग्रंथ नाकारणाऱ्यांचे विधान तिने जसेच्या तसे उचलले आणि त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्याच पुढ्यात ठेवला. तीनेक वर्षे शाळेत गेलेल्या मुलीचा हा तर्क आहे.

याच मुक्ताविषयी एक आठवण सर्वत्र सांगितली जाते: बक्षीस समारंभात आम्हाला खाऊ-खेळणी नकोत, ग्रंथालय द्या, असे तिने पाहुण्यांना सांगितले. तोंडोतोंडी फिरणाऱ्या आठवणी काळाच्या ओघात गोळीबंद होत जातात, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. माझे म्हणणे मी त्या आठवणीवर उभे करत नाही. निबंध पुरेसा आहे.

आता त्या काळातील पुण्याकडे पाहू. मुलींची शाळा निघाली ते वर्ष १८४८. आज ‘पुणे नगर वाचन मंदिर’ म्हणून ओळखले जाणारे ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे ग्रंथालयही १८४८चेच, लोकहितवादींच्या पुढाकाराने उभे राहिलेले. रत्नागिरीचे वाचनालय तर त्याहून वीस वर्षांनी जुने. या संस्थांचे ऋण मोठे आहे. पण त्या वर्गणीवर चालत, आणि वर्गणी कोण भरू शकत होते हे उघड आहे. एकाच शहरात, एकाच वर्षी शाळाही उघडली आणि ग्रंथालयही. मात्र शाळेतून अक्षरे शिकून बाहेर पडणाऱ्या मुक्तासारख्या मुलीला त्या ग्रंथालयाकडे नेणारी वाट कोणी आखली नव्हती. शाळा आणि ग्रंथालय यांची ही फारकत मला आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील मोठी गफलत वाटते. ती पुढे कधी नीट भरून निघाली नाही.

शाळेचे दार तरी उघडे होते का? १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. प्रवेश नाकारला गेला, मुलाने सरकारकडे अर्ज केला, आणि मुंबई सरकारने दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे, हे त्यांनी मान्य केले. पण एका मुलासाठी सारी शाळा बहुसंख्यांना निरुपयोगी करता येणार नाही, असे म्हणून हात वर केले. पुढे कंपनीच्या संचालकांना हे रुचले नाही आणि १८५८ मध्ये, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, असे जाहीर झाले. ‘केवळ सरकारी खर्चाने’ हे शब्द लक्षात ठेवा. ज्या शाळांना स्थानिक देणगीदारांचा हातभार होता, तेथे त्या देणगीदारांच्या हरकतीला मान दिला गेला.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली. ‘न्याय तुमच्या बाजूला आहे, पण बहुसंख्यांना चालणार नाही’ हा युक्तिवाद धारवाडात संपला नाही. पुस्तकांची निवड होते तेव्हा तो आजही सौम्य वेष घालून येतो: ‘पुस्तक चांगले आहे हो, पण आपल्याकडच्या किती मुलांना ते आपलेसे वाटेल?’

पुस्तकात आपण कोठे दिसतो, हा प्रश्न एका मुलाने आपल्या वडिलांना विचारल्याची नोंद आहे, आणि ती स्वतः त्या मुलानेच पुढे करून ठेवली आहे. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती; ती पुढे प्रकाशात आली. तीत ते सांगतात की, ते इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील लोकांना सत्कार करायचा होता. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडील, सुभेदार रामजी, तयार नव्हते. मग लोक दादा केळुसकरांकडे गेले, त्यांनी रदबदली केली, सभा झाली, आणि अध्यक्षपदावरून भाषण संपवताना केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. (चरित्रकार ही सभा १९०७च्या मॅट्रिकशी जोडतात, बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीचा उल्लेख करतात. अभ्यासकांनी हा फरक नोंदवून ठेवावा.) कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिवचरित्राचे लेखक म्हणून तुम्हाला माहीत असतील. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिकवीत. आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. म्हणजे पुस्तक देणारा हा माणूस त्या मुलाचा वर्गशिक्षकही नव्हता.

खरा भाग यापुढे आहे. ते पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले: हे साहित्य आम्हाला आधी का दाखवले नाही? ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी सांगणारी आणि शूद्र-अस्पृश्यांची अवनती पुनःपुन्हा दाखवणारी महाभारत-रामायणे आमच्याकडून का वाचून घेता? वडिलांना प्रश्न आवडला नाही. तरी त्यांनी उत्तर दिले, आणि ते तोलामोलाचे होते. आपण अस्पृश्य, तुम्हा मुलांत न्यूनगंड येण्याची भीती. म्हणून ही पुस्तके वाचायची. द्रोण पाहा, कर्ण पाहा, लहान माणसे कोठवर चढली. वाल्मीकी कोळी होता, पण रामायण त्याने लिहिले. बाबासाहेब म्हणतात की, या बोलण्यात त्यांना बळ दिसले, पण समाधान झाले नाही.

मित्रहो, एकविसाव्या शतकात या विषयावर परिषदा भरतात, त्यांचा निम्मा गाभा मुंबईतील त्या घरातल्या संवादात आहे. प्रस्थापित ग्रंथांतूनच आपल्या माणसांचे कवडसे शोधून मुलांना उभारी द्यावी, ही वडिलांची बाजू. कवडशांवर भागत नाही, पूर्ण खिडकी हवी, ही मुलाची बाजू. मी मुलाच्या बाजूची आहे. पण वडिलांची बाजू भाबडी होती असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. हाताशी होती ती पुस्तके घेऊन त्यांनी मुलांसाठी वाट काढली. त्यांच्यापाशी दुसरे कपाट नव्हते.

त्या मुलाने ते मनात धरले असावे, असे मानायला कागदोपत्री आधार आहे. १९२४च्या जुलैत ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने ग्रंथालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग उघडणे हे ठळकपणे लिहिले गेले. पाण्यासाठी महाडचा सत्याग्रह व्हायला अजून अडीच-तीन वर्षे होती. संस्थेच्या उद्दिष्टांत पुस्तक आधीच जाऊन बसले होते.

आता बडोद्याकडे. सयाजीराव गायकवाडांनी अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानात लागू केले. थोड्याच काळात एक गोष्ट ध्यानात आली: शाळेत अक्षरे शिकलेले मूल पुढे वाचायला काही न मिळाल्यास ती अक्षरे विसरून जाते. म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले गेले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था. या साऱ्यात मला सर्वाधिक भुरळ घालते ती फिरती पेटी. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावी जायची, काही काळ राहायची, परत यायची, दुसरी जायची. वाचकाने ग्रंथालयात यावे ही अपेक्षा उलटी फिरवून ग्रंथालयच वाचकाकडे निघाले. ज्याला आपण आज ‘समावेशक’ म्हणतो, त्याचा तो लाकडी, कडी-कोयंड्याचा अवतार.

तरी बडोद्याचे गुणगान करताना हेही सांगितले पाहिजे की, याच शहरात १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही. पेटी गावात पोहोचली, म्हणजे ती गावातील प्रत्येक घरात पोहोचली, असे होत नाही. राजाची इच्छा आणि चावडीवरचा व्यवहार यांत अंतर असतेच. फिरत्या ग्रंथालयाची कल्पना घेताना हे अंतरही हिशेबात धरावे लागेल.

कायद्यांचा प्रवास थोडक्यात आटोपते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, महाराष्ट्र राज्याने १९६७ मध्ये. दोन्ही सार्वजनिक ग्रंथालयांसाठी. शाळांच्या वाट्याला १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा’ योजनेत काही पुस्तके आली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, हे परिशिष्टात नोंदवले. कागदावर आज प्रश्न सुटलेला आहे.

कागदावरून कपाटाकडे जाऊ. मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके आली ती १८२०च्या दशकात. बापू छत्रे यांची ‘इसापनीती’ आणि ‘बाळमित्र’ ही १८२८ची. पहिल्या पुस्तकाचे मूळ ग्रीक परंपरेत, दुसऱ्याचे फ्रान्समध्ये, आणि दोन्ही इंग्रजीमार्गे मराठीत आलेली. म्हणजे मराठी मुलाने वाचलेल्या पहिल्या छापील गोष्टींतले मूल मराठी नव्हतेच. यात लाजण्यासारखे काही नाही. दूरदेशीचे मूल भेटणे हाही वाचनाचा आनंद आहे. पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ मासिक निघाले, १९७१ मध्ये बालभारतीचे ‘किशोर’ आले, आणि मराठी मूल पुस्तकात वावरू लागले. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत शिकायला आला आणि आमच्या आधीच्या दोन पिढ्या त्याच्यामागे सायकली दामटीत गेल्या. मीही गेले. पण त्या साऱ्या पुस्तकांतील घरे आठवून पाहा. मे महिन्याची सुटी, आजोळ, आंब्याची अढी, ओसरी, पुस्तकांची आवड असलेले काका. वस्तीवरचे, पालावरचे, पाड्यावरचे, मोहल्ल्यातले मूल या गोष्टींत आलेच तर बहुधा पाहुणे म्हणून येते, आणि त्याला कोणीतरी मदत करते. साहसावर ते स्वतः निघालेले क्वचितच दिसते.

‘पण आमच्या शाळेत महापुरुषांची चरित्रे आहेत ना!’ हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. आहेत खरीच. मी शिकले त्या शाळेचे कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या दाराआड होते. फुले, आंबेडकर, शाहू, अण्णाभाऊ यांची बत्तीस-बत्तीस पानी चरित्रे, एकेकाच्या अनेक प्रती, सर्वांची सुरुवात जन्मतारखेने आणि शेवट महानिर्वाणाने. जयंतीच्या भाषणापुरती ती बाहेर निघत. ही पुस्तके असू नयेत असे मी म्हणणार नाही. पण ती असली म्हणजे कपाट समावेशक झाले, हे मला मान्य नाही. पुतळा आणि सवंगडी यांत फरक असतो. दलित वस्तीतील मुलीला बाबासाहेबांचे चरित्र हवेच, आणि त्याबरोबर तिच्यासारख्याच वस्तीतील एका मुलीचा चेंडू हरवतो, ती तो शोधायला निघते आणि भलत्याच भानगडीत सापडते, अशी गोष्टही हवी. दुःखाशिवाय ज्यांच्यावर लिहिलेच जात नाही, त्यांच्या वाट्याला पुस्तकातही सुटीचा दिवस येत नाही. आदिवासी मुलाचे तर याहून कठीण. तो चित्रात येतो तो तारपा आणि पिसे घेऊनच. बसची वाट पाहणारा, गणितात अडलेला, मोबाइलवर गाणे ऐकणारा वारली मुलगा पुस्तकात पाहिल्याचे मला आठवत नाही.

आता दुसरा आक्षेप: मुलांच्या निरागस जगात जात कशाला? याचे उत्तर देण्यासाठी मी मुद्दाम मराठीतील सर्वांत लाडके पुस्तक घेते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’. तीत एक प्रसंग आहे: म्हातारी महारीण, तिची खाली पडलेली मोळी, आणि श्यामला ती उचलून द्यायला सांगणारी आई. शिवाशीव झाली तर घरी येऊन आंघोळ कर, असेही आई सांगते. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात नांदणारा हा प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी वाचला आहे. म्हणजे मुलांच्या पुस्तकात जात पूर्वीपासून आहेच. तिच्याकडे पाहणारे डोळे मात्र श्यामचे आहेत. ती मोळी घेऊन म्हातारी पुढे ज्या घरी गेली, ते घर कसे होते, तिथे कोण तिची वाट पाहत होते, हे त्या पुस्तकात नाही आणि ते त्याचे कामही नव्हते. ते घर दिसते बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये, शांताबाई कांबळे यांच्या ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’मध्ये. ‘श्यामची आई’ कपाटातून काढा, असे मी कधीही म्हणणार नाही. तिच्या शेजारी ही पुस्तके ठेवा, एवढेच म्हणेन. दोन्ही वाचलेली सातवी-आठवीतली मुले जे प्रश्न विचारतील, ते ऐकण्यासारखे असतील.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७), ‘आयदान’ (२००३) ही मराठीची श्रीमंती आहे. पण ती मुलांसाठी लिहिलेली पुस्तके नाहीत. त्यांतील हिंसा आणि उघडेनागडे वास्तव सहावीतल्या मुलाच्या हाती एकट्याने द्यावे, असे मलाही वाटत नाही. नववी-दहावीला, जाणत्या शिक्षकाच्या सोबतीने, जरूर द्यावे. त्याखालच्या वयासाठी मात्र वेगळे लेखन लागेल. ते त्या-त्या समाजांतील लेखकांकडून, मुलांच्या भाषेत यायला हवे, आणि त्यासाठी प्रकाशकाने मानधन द्यायला हवे. आत्मकथनाचा एक उतारा पाठ्यपुस्तकात घातला की कर्तव्य संपले, ही पळवाट आहे.

पुस्तक कपाटात नसेल तर काय होते? ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये छापला गेला. तो पुन्हा वाचकांसमोर आला तो स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये संपादित करून छापला तेव्हा. त्र्याण्णव वर्षे. मधल्या काळात शाळेत गेलेल्या मुलींच्या तीन पिढ्या या पुस्तकाचे नावही न ऐकता शिकल्या. कोणी त्यावर बंदी घातली नव्हती. जपून ठेवण्याजोगे ते कोणाला वाटले नाही, एवढेच कारण पुरले.

भाषेचा प्रश्न याहून कमी बोलला जातो. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ६९ टक्के आहेत. म्हणजे दहांतील तिघांच्या घरात दुसरी भाषा आहे: उर्दू, हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड, भिली, गोंडी, कोरकू, कोलामी. मेळघाटातील कोरकू मूल पहिलीत येते तेव्हा त्याला मराठी ही शाळेची भाषा म्हणून भेटते. वर्गात मराठी शिकणे त्याच्या हिताचे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण गोष्टीचे पुस्तक हा वर्ग नव्हे. तिथे तरी त्याची आई ज्या भाषेत हाका मारते ती भाषा छापलेली दिसावी. डावीकडे कोरकू आणि उजवीकडे मराठी असे द्वैभाषिक पुस्तक खर्चिक नसते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या मंचावर २०१५ पासून अशी पुस्तके मोफत उतरवून छापता येतात. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या मित्रांना एवढेच सुचवते की, यात मराठीचे काही जात नाही. आपल्या भाषेची नक्कल करणाऱ्यांच्या भाषेत वाचायला कोणालाच आवडत नाही.

अंध मुलांचा उल्लेख अशा चर्चेत शेवटी येतो, किंवा येतच नाही. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. २०१२च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अंध आणि अन्य अपंग वाचकांसाठी पुस्तकांचे रूपांतर करायला मुभा मिळाली. असे रूपांतर देशोदेशी सुकर करणारा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांआधी भारताने मंजूर केला. कायदा इतका पुढे आणि शाळेतले कपाट इतके मागे, असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. सामान्य शाळेत शिकणाऱ्या अंध मुलाला गोष्टीचे पुस्तक हवे असेल तर ते कोणी, कोठून आणायचे, हे शिक्षकांनाही कोणी सांगितलेले नसते.

मग किल्लीचा प्रश्न. शाळेतील पुस्तके ‘डेडस्टॉक रजिस्टर’मध्ये नोंदलेली असतात. या नोंदवहीच्या नावातच सारे आले! खुर्च्या, घंटा, नकाशे आणि पुस्तके एकाच रांगेत. पुस्तक हरवले किंवा फाटले तर तपासणीत जाब द्यावा लागतो, कधी पदरचे पैसे भरावे लागतात. या भीतीने शिक्षक कपाटाला कुलूप घालतात, आणि दिलेच तर ‘नीट वापरेल’ अशा मुलाला देतात. नीट वापरेल तो कोण? ज्याच्या घरी पुस्तक ठेवायला फळी आहे तो. गळक्या छपराच्या, धाकट्या तीन भावंडांच्या घरातील मुलीला पुस्तक घरी न्यायला मिळत नाही. तिला नकार देणाऱ्या शिक्षकाच्या मनात जात मुळीच नसेल. तरी निकाल तोच लागतो. म्हणून पुस्तकांची निवड कितीही सुधारली तरी, दरवर्षी काही टक्के पुस्तके हरवणे-फाटणे गृहीत धरून ती रीतसर निर्लेखित करण्याची मुभा शिक्षकाला मिळत नाही, तोवर ती सुधारणा कुलपाआडच राहील. आदेशांत ही एक ओळ वाढवायला पैसा लागत नाही.

पैशाचेही सांगते. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदान आहे, शाळेच्या स्तरानुसार. शंभर रुपयांना एक पुस्तक धरले तर लहान प्राथमिक शाळेच्या वाट्याला पन्नास पुस्तके. दहा वर्षांत पाचशे. हा आकडा लहान नाही. पण ठोक खरेदीत सवलत मोठी आणि प्रती पुष्कळ या हिशेबाने पुस्तके येतात, तेव्हा छोटा प्रकाशक, नवा लेखक, कमी छापली जाणारी भाषा ही सारी पहिल्या चाळणीतच गळतात. निवडीचा थोडा तरी वाटा शाळेच्या हाती असावा आणि त्यात मुलांचे मत विचारले जावे, असे मला वाटते. पाचवीतल्या मुली काय मागतात ते एकदा विचारून पाहावे. भुताची पुस्तके मागतील, याची तयारी ठेवावी.

आणि बडोद्याची पेटी. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडणीला निघालेल्या कुटुंबांबरोबर हजारो मुले शाळा सोडून फडावर जातात. कपाट गावात राहते, मूल कोल्हापूर-सांगलीच्या शिवारात. वीस पुस्तकांची पत्र्याची पेटी टोळीबरोबर जाऊ शकते. गावात परतताना ती रिकामी आली, तर पुस्तके वाचली गेली असे समजून नवी भरावी.

एका मोजणीची गोष्ट सांगून थांबते. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी तिथल्या प्रकाशकांनी तीन वर्षांत काढलेली ५,२०६ बालपुस्तके तपासली. कृष्णवर्णीय मूल चित्रात किंवा मजकुरात आहे अशी पुस्तके निघाली ६.७ टक्के. या एका आकड्याने तिकडच्या चर्चेचा सूर बदलला. अशी मोजणी करायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. तुमच्यापैकी अनेक जण सुटीत गावी जाल, जुन्या शाळेत जाल. कपाटातील कोणतीही शंभर पुस्तके काढा आणि पाहा: मुख्य पात्र मुलगी किती पुस्तकांत आहे, घर कोणत्या वस्तीत आहे, आडनाव आहे का आणि कोणते, सण कोणते येतात, घरात कोणती भाषा बोलली जाते, चष्मा, काठी किंवा चाकाची खुर्ची असलेले मूल एक तरी आहे का, आणि असल्यास ते गोष्टीत काय करते. शेवटच्या पानावरची पुस्तक दिल्याची चिठ्ठी पाहायला विसरू नका. तीवर शेवटची तारीख कोणती आहे तेही टिपा. शाळेचे नाव न लिहिता, फक्त तालुका आणि आकडे या धाग्याखाली द्या. पुरेसे जमले की मी एकत्र करून मांडेन.